पितळेच्या गावचे फादर

कनेक्टिकट राज्यातल्या वॉटरबरीला अमेरिकेत ‘ब्रास सिटी’ म्हणत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इथल्या कारखान्यांतून पितळेचे पत्रे, नळ्या, तार, बटणं, टाचण्या आणि घड्याळं देशभर जात. ओतकाम खात्यातल्या भट्ट्यांत मुशी ठेवलेल्या असत. तांबं वितळलं की त्यात जस्त टाकायचं, आणि जस्त पडताच पांढऱ्या धुराचा लोट उठायचा. तो धूर छातीत घेऊन घरी गेलेल्या माणसाला रात्री हुडहुडी भरून ताप चढे. पहाटे घाम फुटून ताप उतरला की तो परत कामावर जाई. जुने कामगार या दुखण्याला ‘स्पेल्टर शेक्स’ म्हणत आणि नव्यांना सांगत, की होईल सवय. १८८०च्या दशकानंतर या नव्यांमध्ये लिथुआनियातून आलेले शेतकऱ्यांचे मुलगे दिसू लागले.

कागदोपत्री मात्र ते कुठेच नव्हते. त्यांचा देश रशियन साम्राज्यात, म्हणून बंदरावरचा कारकून त्यांना रशियन लिही, आणि ते कॅथलिक, म्हणून दुसरा एखादा पोलिश लिही. १८९९ पासून अमेरिकी सरकारने आगंतुकांच्या नोंदीत लिथुआनियन असा वेगळा रकाना ठेवला, तेव्हा कुठे आकडा दिसू लागला. १९१४ पर्यंत त्या रकान्यात सुमारे अडीच लाख माणसं जमा झाली. आधी आलेले त्यात धरलेलेच नाहीत.

दिवसाला दीड डॉलरच्या आसपास मजुरी, दहा तासांचा दिवस. राहायला एखाद्या विवाहित जोडप्याच्या घरातली खाट. घरची बाई स्वतःच्या पोरांबरोबर आठ-दहा पुरुषांचं रांधायची, त्यांचे कपडे धुवायची. गिरणगावातल्या खानावळी ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना हा संसार वेगळा समजावून सांगायला नको. या माणसांनी पोटाला चिमटा काढून एक गोष्ट मागितली, आणि ती मिळवायला वर्षानुवर्षं वर्गणी भरली. त्यांना आपल्या भाषेत बोलणारा धर्मगुरू हवा होता.

ही मागणी हौसेची नव्हती. गावात कॅथलिक चर्चं होती, ती आयरिश लोकांची. मिस्सा तेव्हा जगभर लॅटिनमध्येच होई, त्यामुळे वेदीपुढे गुडघे टेकणाऱ्याला फारसं अडत नसे. प्रवचन इंग्रजीत होई, ते डोक्यावरून गेलं तरी रविवार पार पडे. पण पापनिवेदन कोणत्या भाषेत करायचं? दारू पिऊन बायकोवर हात उगारला, गावी आईला पैसे पाठवायचे ते पत्त्यांत घालवले, हे ज्याच्याजवळ बोलायचं त्याला ते कळायला हवं आणि त्याचा शब्द आपल्यालाही कळायला हवा. कारखान्यात भाजून मरणाच्या दारात पडलेल्या तरुणाला शेवटचा संस्कार परक्या भाषेत मिळे. या लोकांच्या चर्चसाठीच्या धडपडीकडे नंतरच्या लेखकांनी राष्ट्रवादाच्या चष्म्यातून पाहिलं, आणि त्यात तथ्य आहेच. मला मात्र तिचं मूळ पापनिवेदनाच्या त्या लहानशा लाकडी खोलीत दिसतं.

फादर युओझास झेब्रिस १८९३ मध्ये अमेरिकेत उतरले ते या पार्श्वभूमीवर. वय तेहतिशीच्या घरात. कुठून आले हे सांगितल्याशिवाय त्यांनी पुढे जे केलं त्याचा अर्थ लागायचा नाही.

पोलंड-लिथुआनियाच्या १७९५च्या फाळणीनंतर लिथुआनियाचा बहुतेक भाग रशियन साम्राज्याच्या ताब्यात गेला. १८६३ मध्ये पोलंड-लिथुआनियात उठाव झाला. तो मोडून काढायला आलेल्या मिखाइल मुराव्योवला लोक ‘फाशी देणारा’ म्हणूनच ओळखू लागले. उठावानंतर सरकारने लिथुआनियन भाषेतली पुस्तकं लॅटिन लिपीत छापायला बंदी घातली. छापायचंच असेल तर रशियन लिपीत छापा, असा हुकूम होता. लोकांनी त्या पुस्तकांना हात लावला नाही. बंदी १८६४ मध्ये आली आणि १९०४ पर्यंत, म्हणजे चाळीस वर्षं टिकली. या काळात पुस्तकं सीमेपलीकडे पूर्व प्रशियात, टिल्सिटसारख्या गावांत छापली जात आणि रात्री पाठीवर पोती घेऊन माणसं ती आत आणत. पकडले गेले तर तुरुंग किंवा सायबेरिया. या चोरट्या वाटेची पहिली व्यवस्था लावली ती एका बिशपने. झेमाइतियाचे बिशप मोतियेयुस वलांच्यूस यांनी प्रशियात छपाईसाठी पैसे पुरवले आणि आपल्या धर्मगुरूंकरवी पुस्तकं वाटली. पोत्यांत सर्वांत जास्त काय असायचं? प्रार्थनेची पुस्तकं.

झेब्रिस यांचा जन्म १८६० चा. बंदी आली तेव्हा ते चार वर्षांचे होते. ज्या भाषेत आईने त्यांना प्रार्थना शिकवली, त्या भाषेतलं नवं प्रार्थनापुस्तक घरात ठेवणं हा त्यांच्या लहानपणी आणि सगळ्या तरुणपणी गुन्हा होता. धर्मगुरू झाल्यावरही पोलिसांची नजर सुटत नसे. सरकारच्या परवानगीशिवाय धर्मगुरूला आपला धर्मग्राम, म्हणजे नेमून दिलेल्या चर्चचा परिसर, सोडून दुसरीकडे जाता येत नसे आणि मठ तर एकामागून एक बंद होत होते. ते अमेरिकेत आले त्याच वर्षी, १८९३च्या नोव्हेंबरात, क्राझियाई गावच्या मठाचं चर्च बंद करायला अधिकारी आले. लोक रात्रंदिवस आत बसून राहिले, त्यांच्यावर कोसॅक घोडेस्वार घातले गेले, माणसं मेली. ही बातमी समुद्र ओलांडून आली तेव्हा अमेरिकेतल्या लिथुआनियनांनी निषेधसभा भरवल्या. चर्च वाचवायला गावच्या गाव मार खातं हे त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. त्यातले कितीतरी जण तशाच गावांतून आलेले होते.

१८९४ मध्ये वॉटरबरीत सेंट जोसेफ धर्मग्राम उभा राहिला आणि झेब्रिस त्याचे पहिले धर्मगुरू झाले. अमेरिकेच्या ईशान्येकडच्या न्यू इंग्लंड भागातला हा पहिला लिथुआनियन धर्मग्राम. त्याच वर्षी, वॉटरबरी ज्यात येई त्या हार्टफर्डच्या धर्मप्रांताची सूत्रं मायकल टियर्नी या नव्या बिशपांकडे आली होती.

धर्मग्राम उभा राहतो म्हणजे काय होतं, हे जरा जवळून पाहण्यासारखं आहे. सुरुवात चर्चने होत नसे, ती मंडळाने होई. पाच-पंचवीस जण एखाद्या संताच्या नावाने मंडळ काढत, बहुतेक वेळा लिथुआनियाच्या पालक संताच्या, सेंट कॅसिमिरच्या नावाने. महिन्याची वर्गणी ठरे. सभासद आजारी पडला की आठवड्याला काही रक्कम, मेला की अंत्यविधीचा खर्च आणि विधवेला मदत. त्या काळी कारखान्याकडून भरपाई मिळायची सोय नव्हती, मंडळ हाच विमा. मंडळाच्या पेटीत पैसे जमले की बैठकीत कुणीतरी चर्चचा विषय काढी. मग जागेचा शोध, बिशपांकडे अर्ज, धर्मगुरू मिळावा म्हणून पत्रव्यवहार, आणि तो येईपर्यंत एखाद्या भाड्याच्या दालनात रविवारची प्रार्थना.

धर्मगुरू आला की खरा प्रश्न उभा राही. मालकी कुणाची? कनेक्टिकटमध्ये १८६६च्या कायद्याने प्रत्येक कॅथलिक धर्मग्रामाचा पाच जणांचा विश्वस्त संघ असे. त्यात बिशप, त्यांचे व्हिकर जनरल, धर्मगुरू आणि दोन सामान्य सभासद. पाचातले तीन झगेवाले. ज्यांनी पितळेचा धूर गिळून डॉलर डॉलर जमवला होता, त्यांच्या वाट्याला दोन खुर्च्या. गावाकडे चर्च जमीनदाराच्या नाहीतर सरकारच्या मर्जीवर चाले. इथे आपण बांधलं, तर किल्ल्या आपल्याकडे का नकोत, असं त्यांना वाटणं स्वाभाविक होतं. बिशपांची बाजूही निराधार नव्हती. विश्वस्त भांडले की चर्च लिलावात जाई, हे त्यांनी इतरत्र पाहिलेलं होतं. या दोन्हींच्या मध्ये उभा राही तो धर्मगुरू. लोकांच्या नजरेत तो बिशपांचा माणूस, बिशपांच्या नजरेत लोकांचा.

त्यात पोलिश-लिथुआनियन भांडण. शतकानुशतकं दोन्ही देश एका राज्यात होते आणि चर्चमधली प्रतिष्ठेची भाषा पोलिश होती. अमेरिकेत आलेल्या पहिल्या लिथुआनियनांनी पोलिश लोकांच्या जोडीनेच चर्चं बांधली आणि पुढे तिथेच ते परके ठरले. पेन्सिल्व्हेनियाच्या कोळसा पट्ट्यातल्या शेनान्डोआत सेंट कॅसिमिरच्या चर्चवरून दोन्ही समाजांत उभी फूट पडली. चर्च अखेर पोलिश लोकांकडे राहिलं. १८९१ मध्ये लिथुआनियनांनी त्याच गावात सेंट जॉर्ज हा स्वतंत्र धर्मग्राम काढला. १८८९ मध्ये त्याच पट्ट्यातल्या प्लिमथला आलेल्या फादर अलेक्सान्द्रास बुर्बा यांनी त्या पट्ट्यात गावोगाव फिरून आपल्या लोकांना वेगळं केलं. बुर्बा झुंजार होते, वक्ते होते. झेब्रिस यांच्या वाट्याला आलेला मुलूख वेगळा होता. न्यू इंग्लंडमध्ये लिथुआनियन उशिरा आले, थोडे आले आणि विखरून राहिले. एका गावात पितळ, दुसऱ्यात कुलपं, तिसऱ्यात सूतगिरणी. एखाद्या गावात तीस घरं, एखाद्यात तर दहाच. एवढ्या लोकांना बिशप स्वतंत्र धर्मगुरू देणार नाहीत. मग वॉटरबरीचं काम सांभाळून झेब्रिस कनेक्टिकटमध्ये आणि शेजारच्या मॅसॅच्युसेट्समध्ये फिरू लागले. एखाद्या गावात जायचं, वर्षभराची पापनिवेदनं ऐकायची, साठून राहिलेले बाप्तिस्मे द्यायचे, लग्नं लावायची, मंडळ नसेल तर काढून द्यायचं आणि पुढच्या गावाकडे निघायचं. नंतर त्यातल्या बऱ्याच गावांत लिथुआनियन धर्मग्राम झाले. त्यांच्या शतकमहोत्सवी पुस्तिकांच्या पहिल्या पानांवर झेब्रिस यांचं नाव एका ओळीत येऊन जातं. त्या एका ओळीमागे किती आठवडे असतील याचा विचार त्या पुस्तिका करत नाहीत.

वॉटरबरीतून १८९६ मध्ये त्यांनी ‘रीतास’ हे वर्तमानपत्र सुरू केलं. ‘रीतास’ म्हणजे सकाळ. १८९८ पर्यंत, जेमतेम दोन वर्षं ते चाललं. मला त्यांच्या आयुष्यातली ही दोन वर्षं फार मोलाची वाटतात. मायदेशी लॅटिन लिपीतलं लिथुआनियन पान छापणं अजून गुन्हा होता. इथे वॉटरबरीत एक धर्मगुरू तेच पान उघडपणे छापत होता. अमेरिकेत छापलेले कागद प्रशियामार्गे चोरून परत लिथुआनियात जात, त्यामुळे ही पत्रं केवळ परदेशी गेलेल्यांची करमणूक नव्हती. १९०० मध्ये पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात बंदी घातलेल्या लिथुआनियन पुस्तकांचं दालन लागलं, त्यालाही अमेरिकेतल्या लिथुआनियनांचा हात होता. साम्राज्य ज्याला दडपू पाहत होतं ते जगापुढे मांडण्याची ताकद पितळेच्या आणि कोळशाच्या गावांतल्या वर्गणीतून आली.

वर्तमानपत्र काढायचं दुसरं कारण घरातलं होतं, आणि ते झोंबणारं होतं. लिथुआनियन समाजात तेव्हा नास्तिक, समाजवादी विचारांची मंडळी जोरात होती. त्यांचे अध्वर्यू योनास श्ल्यूपास १८८४ मध्ये अमेरिकेत आले, पत्रकार होते, पुढे डॉक्टर झाले. देशप्रेमात ते कुणाला हार जाणारे नव्हते. काही काळ त्यांनी बुर्बांच्या खांद्याला खांदा लावून काम केलं. पण धर्मगुरूंवर लोकांना अज्ञानात ठेवल्याचा आरोप त्यांनी कधी सोडला नाही. गावोगाव त्यांची व्याख्यानं होत आणि खाणीतून, कारखान्यातून थेट सभेला आलेले लोक ती ऐकत. श्ल्यूपासना केवळ चर्चद्रोही ठरवून मोकळं होणं मला पटत नाही. धर्मगुरूंच्या हाती लोकांचे पैसे, लोकांची वर्तमानपत्रं, लोकांची मंडळं एकवटतात, त्यांना जाब कोण विचारणार, हा त्यांचा सवाल रास्त होता. झेब्रिसही गप्प बसणारे नव्हते. एकच भाषा वाचवायला निघालेली दोन माणसं त्याच भाषेत एकमेकांवर तुटून पडत होती. १९०१ मध्ये अमेरिकेतल्या लिथुआनियनांची मध्यवर्ती संघटनाही याच भांडणापायी दुभंगली आणि कॅथलिकांनी आपली वेगळी चूल मांडली.

झेब्रिस केवळ प्रवचनाने उत्तर देत बसले नाहीत. वॉटरबरीत त्यांनी सहकारी तत्त्वावर किराणा दुकान काढलं, बेकरी काढली. कामगाराचा पगार परक्या दुकानदाराच्या उधारीच्या वहीत आणि गुत्त्यात जातो, तो आपल्यातच फिरला पाहिजे, असा यामागचा विचार. धर्मगुरूने पिठाचे भाव का पाहावेत, असं आज कुणी विचारील. त्या गावात लिहितावाचता येणारा, इंग्रजी कागद समजणारा आणि बँकेत आत शिरायला न कचरणारा माणूस बहुधा तोच असे. पत्र आलं की वाचून दाखवायला तोच, गावी पैसे पाठवायचे तर पत्ता लिहायला तोच, पोलिसांनी कुणाला धरलं तर ठाण्यावर जायलाही तोच. एका माणसाकडे इतकं सगळं सोपवलं की त्याचे उपकारही मोठे होतात आणि त्याच्याविषयीचा राग आणि संशयही. हिशेब जुळला नाही तर बोट त्याच्याकडे, दुकान बसलं तर शाप त्याला. झेब्रिस यांनी दोन्ही सोसलं.

१८९०च्या दशकाच्या अखेरीस ते न्यू ब्रिटनला गेले. हे गाव कुलपं, बिजागऱ्या आणि हत्यारांचं. तिथल्या सेंट अँड्र्यू या लिथुआनियन धर्मग्रामात त्यांनी पुढची सारी वर्षं काढली. या वर्षांविषयी थोडक्यात सांगून पुढे जातो, कारण त्यांचा क्रम तोच होता. वर्गणी, बांधकाम, बाप्तिस्मे, लग्नं, मयती आणि आजूबाजूच्या गावांच्या फेऱ्या. तरुण पिढी इंग्रजी बोलू लागली होती. १९०४ मध्ये मायदेशी छपाईवरची बंदी उठली. १९०७ मध्ये पेन्सिल्व्हेनियातल्या स्क्रँटनला मारिया कौपास यांनी सेंट कॅसिमिरच्या भगिनींचा संघ काढला आणि लिथुआनियन मुलांना शिकवायला स्वतःच्या धर्मभगिनी मिळाल्या. १९०९ मध्ये ‘द्राउगास’ हे कॅथलिक पत्र निघालं. झेब्रिस यांनी एकट्याने ओढलेली कामं आता संस्था करू लागल्या होत्या.

१९१५च्या फेब्रुवारीत लिथुआनियात रशियन आणि जर्मन फौजा समोरासमोर होत्या, आणि अमेरिकेतली चर्चं तिथल्या निर्वासितांसाठी पैसे गोळा करत होती. त्याच महिन्याच्या ८ तारखेला न्यू ब्रिटनमध्ये चर्चच्या निवासात झेब्रिस यांचा आणि त्यांच्या घरचं काम पाहणाऱ्या लिथुआनियन बाईंचा खून झाला. मारणारे दोघे लिथुआनियनच होते, म्हणजे ज्यांच्यासाठी हा माणूस बावीस वर्षं झिजला त्यांच्यातलेच. दोघे पळाले. डेलावेअरमधल्या विल्मिंग्टनला त्यांना अडवायला गेलेला पोलीसही मारला गेला. एकाला त्या पोलिसाच्या खुनाबद्दल डेलावेअरमध्ये फाशी झाली, दुसऱ्याला कनेक्टिकटमध्ये, दोन्ही त्याच वर्षी. पैशाचा लोभ हे कारण मानलं गेलं. धर्मगुरूच्या घरात पेटी भरलेली असते, हा समज त्या काळी सर्रास होता. वर्गणी, उधारी, ठेवी हे सगळं ज्याच्या हातून जातं त्याच्या घरी रोकड असणारच, असं लोक धरून चालत.

वर्तमानपत्रांनी महिनोन् महिने ही बातमी चघळली, आणि त्यामुळे एक अन्याय झाला. झेब्रिस हे नाव जिथे उरलं तिथे खून झालेला धर्मगुरू म्हणून उरलं. ‘रीतास’चे अंक, दुकानाचा खटाटोप आणि गावोगावच्या फेऱ्या मागे पडल्या. त्या रात्री त्यांच्याबरोबर मेलेल्या बाईंच्या वाट्याला तेवढीही आठवण आली नाही. चर्चचं घर चालवणाऱ्या, धर्मगुरूच्या दारी आलेल्या भुकेल्याला वाढणाऱ्या या बायकांशिवाय त्या काळचा एकही धर्मग्राम चालला नसता. त्यांची आठवण ठेवणारी पुस्तकं मला फार थोडी दिसली आहेत.

पुढच्या वर्षी, १९१६ मध्ये, अध्यक्ष विल्सन यांनी १ नोव्हेंबर हा दिवस युद्धग्रस्त लिथुआनियनांच्या मदतीसाठी जाहीर केला आणि देशभर निधी गोळा झाला. सरकारी कागदावर एकेकाळी रशियन नाहीतर पोलिश म्हणून गणलेल्या लोकांचं नाव अध्यक्षांच्या घोषणेत आलं. १६ फेब्रुवारी १९१८ रोजी व्हिल्न्यूसमध्ये स्वातंत्र्याची घोषणा झाली. झेब्रिस त्याआधी तीन वर्षं गेले होते.

त्यांचं आयुष्य पुन्हा जुळवून लिहिलं ते दुसऱ्या एका लिथुआनियन-अमेरिकन धर्मगुरूने. मॅसॅच्युसेट्समधल्या नॉरवुडच्या सेंट जॉर्ज या लिथुआनियन धर्मग्रामात सेवा केलेले विल्यम वोल्कोविच-वाल्काविच्यूस यांनी १९८० मध्ये झेब्रिस यांचं इंग्रजी चरित्र प्रसिद्ध केलं. चरित्राने त्यांचं समाधान झालं नाही. १९९०च्या दशकात त्यांनी अमेरिकेतल्या लिथुआनियनांच्या धर्मजीवनाचा इतिहास तीन खंडांत पूर्ण केला. तोपर्यंत लिथुआनियन धर्मग्राम एकामागून एक बंद होऊ लागले होते. शेनान्डोआचं सेंट जॉर्ज चर्च, ज्यासाठी खाणकामगारांनी पोलिश शेजाऱ्यांशी भांडण मांडलं होतं, ते २०१० मध्ये पाडण्यात आलं. लोकांनी न्यायालयात धाव घेतली, पण उपयोग झाला नाही. चर्चच्या मालकीचा प्रश्न शंभराहून अधिक वर्षांनी पुन्हा त्याच जागी आला होता, आणि निर्णय पुन्हा बिशपांच्याच हाती राहिला.